उजव्या काठावरचा माणूस

"बाई, मोजा," बावडेकर म्हणाले. "रजिस्टरात लिहिलंय, विलायती कुटुंब, आसामी चार, कुत्रा एक. आता भिंतीवर किती आहेत ते तुम्हीच सांगा."

मी मोजलं. डावीकडे खुर्चीत आई, तीही आपल्याकडे जवळजवळ पाठ करून बसलेली. तिच्यापलीकडे पांढऱ्या झग्यातल्या दोन मुली. मध्ये नुसती हिरवट रिकामी भिंत, आणखी दोन माणसं सहज मावतील एवढी. आणि अगदी उजव्या काठाला बाप. बाप म्हणजे अर्धा बाप. एक खांदा, एक गुडघा, एक कान, अर्धी दाढी. उरलेल्या माणसाचा पत्ता नाही. खालच्या बाजूला कुत्र्याचं मागचं अर्धं अंग होतं, तोंड नव्हतंच.

"साडेतीन," मी म्हणाले. "आणि कुत्रा अर्धा."

"कुत्र्याचं सोडा हो. घरचा कर्ता पुरुष अर्धा गायब आहे आणि आमच्याकडे त्याची नोंद नाही!"

हे १९६९ सालचं. कळंबगडचं संस्थान विलीन होऊन वीस वर्षं झाली होती आणि राजेसाहेबांचा चित्रसंग्रह सरकारकडे आला होता. बावडेकर तिथले नवे अधीक्षक. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना आकडे जुळायला लागत. मी कोल्हापुरात चित्रकला शिकवत होते. वय एकोणतीस, आणि मला सगळं येतं असा माझा ठाम समज होता. तज्ज्ञ म्हणून सरकारी पत्र आलं, तेव्हा ते मी पर्समध्ये घालून आठ दिवस गावभर मिरवलं होतं.

"कोयनेच्या भूकंपात हे चित्र पडलं," बावडेकर सांगू लागले. "फ्रेमचा चुरा झाला. नवीन फ्रेम आमच्या तातोबा सुतारानं केली. चित्र चार दिवस त्याच्या ताब्यात होतं, एकट्याच्या. त्याआधी ते राजवाड्यातल्या जिन्यावर टांगलेलं, कुणी नीट पाहिलेलं नाही. म्हणजे कापलं असेल तर त्याच चार दिवसांत."

"कशाला कापेल तो?"

"लाकूड कमी पडलं असेल. नाहीतर विकलं असेल."

अर्ध्या बापाला गिऱ्हाईक कोण मिळणार, हा प्रश्न तेव्हा त्यांनाही पडला नाही आणि मलाही नाही.

तातोबा दाराशीच उभे होते. पन्नाशी उलटलेला, सडपातळ, कानाला पेन्सिल अडकवलेला माणूस. त्यांनी पुढं होऊन हात जोडले.

"बाईसाहेब, म्या कापलं न्हाई. एवढं चित्र भिंतीवरनं काढून मागनं बगा. कापड चौकटीवर वळवून ठोकलंय. वळवल्याली पट्टी चारी बाजूंनी कोरी हाय, तिच्यावर रंग न्हाई. कापलं असतं तर उजव्या अंगाला रंग वळून आत गेला असता का न्हाई? आन खिळं बी जुनंच हाईत, गंजल्यालं."

आज हे लिहिताना वाटतं, याहून सोपी गोष्ट कुणी कुणाला कशी सांगणार! चित्र उतरवायचं, उलटं करायचं, पाहायचं. पाच मिनिटांचं काम. पण ते चित्र होतं सहा फूट रुंद, शिपाई जेवायला गेलेला, आणि माझी कोल्हापूरची गाडी चारला. शिवाय खरं सांगायचं तर मला मागून बघायची गरजच वाटली नाही. मी चित्रकार, मी समोरून बघणार. मागची बाजू सुतारांनी बघावी.

मी बावडेकरांना रचनाशास्त्रावर व्याख्यान दिलं. कुटुंबचित्रात कर्ता पुरुष मध्ये असतो किंवा मधल्या भागाला तोल देईल असा असतो. त्याच्याभोवती बायकामुलांचा त्रिकोण होतो. मध्ये एवढी मोकळी जागा कुणी शहाणा चित्रकार सोडत नाही आणि घरधन्याचं डोकं तर कधीच तोडत नाही. म्हणजे उजवीकडे निदान दोन फूट चित्र होतं. खालच्या कोपऱ्यात, बापाच्या बुटाला लागून, एक लाल चौकोनी शिक्का होता, आत एकाखाली एक तीन अक्षरं. तो मी चित्र विकणाऱ्या दुकानदाराचा ठरवून टाकला. दोन वर्षांपूर्वी परीक्षेला जे लिहून पहिली आले होते, तेच मी तिथं बोलत होते.

बावडेकर खूष झाले. "हे असं शास्त्रशुद्ध पाहिजे. लिहून द्या."

मी चार ओळी लिहिल्या. 'रचनेवरून स्पष्ट दिसते की चित्राचा उजवा भाग अलीकडे कापण्यात आला आहे.' खाली सही, कुमुदिनी सबनीस, कंसात पदवी.

निघताना तातोबा फाटकापर्यंत आले. रागावले नव्हते. "बाई, नोकरी जाऊ द्या. पर म्या कापलं असं कागदावर ठिवू नका. थोरल्या राजेसाहेबांनी मला या चित्रांची कापडं कशी ताणायची ते माणूस बोलावून शिकवलंय. जो हे शिकला, त्यो कापड कापंल का?"

"तातोबा, मी जे दिसलं ते लिहिलं."

"तुम्ही बगितलं कुटं?" ते म्हणाले.

मला राग आला. सुतारानं मला बघायला शिकवावं! मी गाडीत जाऊन बसले आणि खिडकीतून मागं पाहिलंदेखील नाही.

त्यानंतर आठ महिन्यांनी परीक्षेच्या कामासाठी मी मुंबईला गेले होते. दुपारी रिकामा वेळ होता म्हणून एका संस्थेच्या ग्रंथालयात गेले आणि एक मोठं चित्रांचं पुस्तक उघडून बसले. डाव्या पानांवर जपानी ठसेचित्रं, म्हणजे लाकडी ठशांवरून कागदावर छापलेली. उजव्या पानांवर युरोपातली कुटुंबचित्रं. शेजारी शेजारी, मुद्दाम लावलेली.

जपानी चित्रात एक बाई दाराच्या खांबाआडून येत होती आणि कागदाच्या काठानं तिला उभी अर्धी केली होती. दुसऱ्यात नाव अर्धी, नावाडी अर्धा. तिसऱ्यात मधला अख्खा भाग रिकामा आणि माणसं कोपऱ्यात. समोरच्या पानावर पॅरिसमधलं कुणाचं घर, व्हिएन्नातलं कुणाचं घर, आई पाठमोरी, मध्ये नुसती भिंत, बाप काठावर अर्धा, कुत्र्याचं शेपूट तेवढं आत. खाली सविस्तर लिहिलं होतं. ही जपानी चित्रं एकोणिसाव्या शतकात युरोपात पोचली आणि तिथले चित्रकार त्यांच्या नादानं वेडे झाले. फोटो काढायला बसल्यासारखं कुटुंब मांडायची गरज नाही, माणूस चित्रात येता येता किंवा जाता जाताही धरता येतो, हे त्यांना तिथं सापडलं. काहीजण तर सहीसुद्धा जपानी शिक्क्यासारखी करू लागले, लाल चौकोनात, अक्षरं एकाखाली एक.

तो शिक्का दुकानदाराचा नव्हता, चित्रकाराची सही होती, आणि ती कोपऱ्यात नीट बसलेली होती. म्हणजे कोपरा जागेवरच होता. बाप अर्धाच रंगवला होता, आणि कुत्राही.

ग्रंथपाल ओळखीचे निघाले. चार दिवसांच्या बोलीवर पुस्तक घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तशीच कळंबगडला गेले. वाटेत मनात एकच, की नवीन कागद लिहून द्यायचा आणि तातोबांची माफी मागायची. एवढं केलं की झालं, असं वाटत होतं.

दालनात शिरले आणि दारातच थांबले. चित्रातला बाप पुरा झाला होता!

आठ महिन्यांपूर्वी जो अर्धा होता, त्याला दुसरा खांदा, दुसरा गुडघा, दुसरा डोळा आला होता. डावा अर्धा माणूस विलायती, थकलेला, करड्या दाढीचा. उजवा अर्धा तमाशातल्या सरदारासारखा. गाल गुलाबी, भुवई कमानदार, मिशीला पीळ. डोळ्यात काजळ घातलंय की काय असं वाटावं. दोन्ही तुकडे एका नव्या रुंद फ्रेममध्ये शेजारी शेजारी बसवले होते. कुत्रं मात्र बिचारं अजून अर्धंच होतं.

"बघा!" मागून बावडेकर आले. "तुमच्या अहवालाचा परिणाम. आधी निलंबित केला, मग पोलिसांना कळवलं, आणि महिन्याभरात चोरानं तुकडा आणून दिला. वयाकडे पाहून समज देऊन परत कामावर घेतला. आसामी चार. रजिस्टर जुळलं."

"हा तुकडा तातोबांनी आणून दिला?"

"स्वतः. रडत होता."

मी मागच्या पडवीत गेले. तातोबा एका तुटक्या चौरंगाला रंधा मारत होते. मला बघून उठले आणि शर्टाला हात पुसले.

"तातोबा, ते चित्र कुणी कापलेलंच नाही. मूळचंच तसं आहे. तुमचं खरं होतं, मी चुकले."

त्यांनी रंधा पुन्हा उचलला. मग म्हणाले, "आता व्हय?"

"तो तुकडा कुठून आला?"

"कऱ्हाडात सिनेमाचं बोर्ड रंगवणारा एक पेंटर हाय. जुनं कापड म्या दिलं. अर्धा माणूस काढून दे म्हटलं. त्यो हासला. कशाला इचारलं न्हाई."

"अहो, पण का? केलं नव्हतं तर परत कशाला दिलं?"

त्यांनी रंधा खाली ठेवला. "पोलीस घरी आलं, बाई. सुतारकामाची खोली खणली, धान्याची कणगी उलटी केली. अख्खी आळी बगाया जमली. दुसऱ्या दिशी पुन्यांदा आलं. तवा बी सोसलं. तिसऱ्या दिशी सगुणा, आमची मालकीण, जेवाय वाढता वाढता म्हनाली, असंल कुटं तर देऊन टाका एकदाचं. तीस वर्सं संसार केलाय. घरचं मानूस असं म्हनालं की मग काय उरलं? न्हवतं, तर करून दिलं."

मला रडू फुटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरही नव्हता. मी नसलेली चोरी लिहिली होती आणि या माणसानं नसलेला माल बनवून आणून दिला होता.

"मी आज सगळं खरं लिहून देते," मी म्हणाले.

"काय लिवनार?"

"चित्र कापलेलं नाही, असं."

"मग म्या दिल्याला तुकडा कुटनं आला म्हनून इचारतील."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तातोबांच्या कधीच आलं होतं. चोरी करून पस्तावलेला म्हातारा म्हणून त्यांना कामावर परत घेतलं होतं. तुकडा खोटा ठरला की ते सरकारला फसवणारे ठरणार, नोकरी जाणार, कदाचित पुन्हा पोलीस. माझा कागद खरा झाला की त्यांचा तुकडा खोटा ठरत होता.

"तुम्ही म्हणाल तसं करू," मी म्हणाले. "नको म्हणालात तर आत्ता परत जाते. कुणाला काही बोलणार नाही."

ते पुन्हा चौरंगाशी बसले. "त्या बाबाला अर्धा का काढला पर? चित्रकाराचं कापड संपलं हुतं का?"

मी पुस्तक उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. खांबाआडची जपानी बाई दाखवली, मग समोरच्या पानावरचं विलायती कुटुंब. ते हात न लावता वाकून वाकून बघत होते.

"हे जपानातलं, हे विलायतेतलं. यांचं बघून त्यांनी उचललं. बाप अर्धा आहे, कारण तो आत्ताच आत येतोय, नाहीतर बाहेर निघालाय."

"म्हंजी दारात हाय म्हना की," तातोबा म्हणाले. "मग बराबर हाय. दारातला मानूस अर्धाच दिसतो." ते थोडंसं हसले, पहिल्यांदाच. मग हसू गेलं. "आन आपुन त्याला वडून आत घेतला. मिशा बी लावल्या."

त्यांनी पुस्तक अलगद मिटलं. मग उठून म्हणाले, "चला. लिवा."

"तातोबा, नोकरी जाईल."

"जाईल. बाई, खोटा तुकडा म्या केला, ते माजं हाय. ते लिवा, सही करतो. कापलं ते माजं न्हाई. ते खोडा. दोन येगळी पापं हाईत, एकात एक मिसळू नका."

बावडेकरांना सांगायला गेलो तेव्हा आधी ते समजलेच नाहीत, आणि समजले तेव्हा घाबरले. "सबनीस बाई, फाइल बंद झाली आहे. चित्र पुरं दिसतंय, लोकांना आवडतंय. त्यांनाही नोकरी आहे, तुम्हालाही नाव आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. कशाला उघडता?"

"चित्र उतरवा," मी म्हणाले.

"शिपाई जेवायला गेलाय."

"मग आपण तिघं उतरवू."

उतरवलं. साडीचा पदर खोचून मीही एक बाजू धरली. तातोबांनी चित्र जमिनीवर पालथं घातलं, फ्रेमचे स्क्रू काढले आणि दोन तुकडे अलगद बाजूला केले. सिनेमावाल्याचा तुकडा त्यांनी वेगळ्याच चौकटीवर ठोकला होता. मूळ चित्राचा एक खिळासुद्धा हलवला नव्हता. बदनाम होत असतानाही त्या कापडाला त्यांनी धक्का लावला नव्हता.

मी गुडघ्यावर बसले आणि उजव्या काठावरून बोट फिरवलं. लाकडावर वळलेली दोन बोटं रुंदीची पट्टी, कोरी, पिवळट, रंगाचा थेंब नाही. गंजलेले जुने खिळे, आणि त्यांच्याशेजारी दुसरं एकही भोक नाही. डावीकडे तसंच, वर तसंच, खाली कुत्र्याच्या बाजूलाही तसंच. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

बावडेकर वाकून बघत होते. "हे तुम्ही तेव्हाच पाहायला हवं होतं," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "तेही लिहिते."

आणि लिहिलं. चित्र कधीही कापलेलं नाही. ते मुळातच जपानी पद्धतीच्या प्रभावाखाली अशा रचनेत रंगवलेलं आहे. परत आलेला तुकडा बनावट असून तो तातोबा सुतार यांनी पोलिसांच्या आणि घरच्यांच्या धास्तीनं करवून घेतला आहे. माझा पहिला अहवाल मी चित्र भिंतीवरून न उतरवता, तातोबा सुतार यांनी विनंती करूनही न उतरवता, लिहिला होता. तातोबांनी खाली सही केली, एकेक अक्षर सावकाश काढून.

पुढं व्हायचं ते झालं. महिन्याभरानं फसवणुकीबद्दल त्यांना कमी केलं, मात्र पोलीस पुन्हा आले नाहीत. मला तज्ज्ञ म्हणून कुणी परत बोलावलं नाही, ते बरंच झालं. चित्र पुन्हा अर्ध्या बापासकट भिंतीवर गेलं. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी कागदाची एक नक्कल मी तातोबांच्या हातात दिली. त्यांनी ती परत माझ्याकडे दिली.

"घरी चला. तिला वाचून दावा. माज्या तोंडून नको."

सुतार आळीच्या टोकाला घर होतं. सगुणाबाई दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी कोण हे कळलं तेव्हा त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि तोंड फिरवलं. बरोबरच होतं. मी उंबऱ्याशी बसले आणि कागद वाचला. सरकारी मराठी त्यांना कळेना, म्हणून साध्या भाषेत सांगितलं. चित्र कापलेलं नाही. कुणीच कापलं नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वी चित्रकारानंच तसं काढलंय.

"पुन्ना वाचा," त्या म्हणाल्या.

मी पहिली ओळ पुन्हा वाचली.

"म्हंजी यांनी कापलं न्हवतं?"

"नव्हतं."

"मग त्यो तुकडा?"

"तुमच्यासाठी करून आणला."

शेंगांवरचा त्यांचा हात थांबला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, नवऱ्याकडे बघत होत्या. तातोबा खांबाला टेकून उभे होते, कानावरची पेन्सिल काढून उगाच बोटात फिरवत.

"मग मला सांगायचं न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. आवाज रागाचा होता, पण डोळे भरले होते. "एवढं पोलीस आलं, घर खनलं, म्या बी नको ते बोलले. कापलं न्हाई म्हनून मला एकदा सांगायचं न्हाई?"

"सांगितलं हुतं," तातोबा म्हणाले. "पैल्याच दिशी सांगितलं हुतं."